कब्ज्याखालचं बालपण

(कोल्हापूर येथे झालेल्या महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'युद्ध आणि मुलं' असा विषय छापला आहे. तो एका भाषणात मावणारा नाही, म्हणून मी तो माझ्यापुरता लहान करून घेतला आहे. युद्ध म्हटलं की आपल्याला रणगाडे, विमानं, बॉम्ब दिसतात. पण बॉम्ब टाकून विमान निघून जातं. कब्जा करणारं सैन्य जात नाही. ते गावात मुक्काम ठोकतं. रेशन तेच देतं, शाळेत काय शिकवायचं ते तेच ठरवतं, रात्री किती वाजल्यानंतर घराबाहेर पडायचं नाही हेही तेच सांगतं. अशा कब्ज्याखाली मूल चार-पाच वर्षं वाढतं तेव्हा काय होतं, एवढंच आज बोलणार आहे. आणि उदाहरण एकाच देशाचं घेणार आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या पोलंडचं.

पोलंडच का, तर दोन कारणं आहेत. तिथली जी एक बाई मला तुम्हाला भेटवायची आहे ती आपल्याच पेशातली होती, समाजकल्याण खात्यात नोकरी करणारी. दुसरं कारण इथून अगदी जवळ आहे, बसने अर्ध्या तासावर. त्याकडे शेवटी येते. मी काही इतिहासाची अभ्यासक नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून गेली दहा-बारा वर्षं बालगृहातली मुलं आणि त्यांच्या आया यांच्यात काम करते आहे. हे सगळं मी त्याच डोळ्यांनी वाचलं आणि त्याच डोळ्यांनी सांगणार आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरल्या आणि १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून. महिन्याभरात देश दोघांनी वाटून घेतला. जर्मनांनी पहिल्यापासून ज्या गोष्टींना हात घातला त्यांत शाळा होत्या. पोलिश मुलांसाठी माध्यमिक शाळा आणि विद्यापीठं बंद. वॉर्सा ज्या भागात येतं तिथे प्राथमिक शाळा आणि धंदेशिक्षण एवढंच चालू राहिलं, आणि त्यातूनही इतिहास, भूगोल, पोलिश साहित्य काढून टाकलं. हिमलरने मे १९४० मध्ये एक टिपण लिहिलं होतं. पूर्वेकडच्या या लोकांच्या मुलांना पाचशेपर्यंत आकडे मोजता आले, स्वतःचं नाव लिहिता आलं आणि जर्मनांची आज्ञा पाळणं हा धर्म आहे एवढं कळलं की पुरे. वाचता येण्याची गरज नाही, असा त्याचा आशय. आपल्याकडे कुणी शिकायचं आणि कुणी नाही हे हजारो वर्षं ठरवलेलं होतं, त्यामुळे हे टिपण वाचताना मला फारसं परकं वाटलं नाही.

यावर पोलिश शिक्षकांनी काढलेला मार्ग म्हणजे घराघरांतले गुप्त वर्ग. पाच-सात मुलं, दर वेळी वेगळं घर. पकडलं गेलं तर शिक्षकाला छळछावणी किंवा गोळी. तरीही हे वर्ग देशभर चालले, मुलांनी त्यांतून परीक्षासुद्धा दिल्या. या वर्गांचं कौतुक सगळे करतात आणि ते करण्यासारखंच आहे. मला मात्र त्यातली दुसरी बाजू दिसते. या मुलांना आधी खोटं बोलायला शिकवावं लागलं. कुठे चाललास? मावशीकडे. पिशवीत काय आहे? बटाटे. आई-बापांनी, शिक्षकांनी, सगळ्या भल्या माणसांनी मिळून मुलाला नीट खोटं बोलायला शिकवायचं, आणि ते न अडखळता बोललं की सुटकेचा श्वास टाकायचा.

हे झालं सर्वसाधारण पोलिश मुलांचं. ज्यू मुलांचं याहून फार भयंकर होतं. नोव्हेंबर १९४० मध्ये वॉर्सा शहराचा एक भाग भिंत घालून बंद केला गेला. तोच घेटो. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटर जागेत चार लाखांहून जास्त माणसं कोंडली. १९४१ मध्ये तिथे माणशी जे रेशन ठरवलं होतं त्यातून दिवसाला दोनशे उष्मांकही मिळत नव्हते. म्हणजे आपली एक भाकरी, तीही धड नाही. इतक्यात माणूस जगत नाही हे रेशन ठरवणाऱ्यांना ठाऊकच होतं. माणसं जगली ती भिंतीपलीकडून चोरून येणाऱ्या अन्नावर. आणि ते आणणाऱ्यांत मुलं पुष्कळ होती.

सात-आठ वर्षांचं पोर भिंतीच्या तळाशी असलेल्या गटाराच्या भोकातून सरपटत पलीकडे जायचं, भीक मागून किंवा पैसे देऊन बटाटे, पाव मिळवायचं, कोटाच्या अस्तरात भरायचं आणि त्याच भोकातून परत यायचं. लहान आणि रोड म्हणूनच ते भोकातून जाऊ शकायचं. पहारेकऱ्याच्या तावडीत सापडलं तर मार, कधी सरळ गोळी. १९४१ च्या शरद ऋतूपासून परवानगीशिवाय घेटोबाहेर पडणाऱ्या ज्यू माणसाला मृत्यूची शिक्षा होती.

आता त्या घरात काय होत असेल याचा विचार करा. बापाचा धंदा गेला आहे, आई तापाने पडली आहे आणि घरातला कमावता माणूस आठ वर्षांचा आहे. आई त्याला 'जाऊ नको' म्हणू शकत नाही. तो संध्याकाळी परत येईपर्यंत तिच्या जिवात जीव नाही. आणि आल्यावर आधी त्याला जवळ घेते की आधी कोट चाचपते? मी हे नाट्य म्हणून विचारत नाही. आपल्या वस्त्यांत कचरा वेचून घर चालवणारी पोरं आहेत, त्यांच्या आयांना हा प्रश्न नवा नाही. कमावतं मूल आईचं ऐकेनासं होतं. त्याला रागावण्याचा अधिकार तिलाच आपल्याकडे उरलेला वाटत नाही. दोन्ही परिस्थितींची तुलना मी करत नाही, ती होऊच शकत नाही. पण घरातलं नातं उलटं होतं ते याच रीतीने.

हे सगळं आपल्याला कळलं ते घेटोतल्याच लोकांनी लिहून ठेवलं म्हणून. एमानुएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने तिथे एक गुप्त दफ्तर उभं केलं होतं. डायऱ्या, रेशनकार्डं, मुलांचे निबंध, जे मिळेल ते जमवून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून जमिनीत पुरलं. त्यातला एक भाग १९४६ मध्ये सापडला, दुसरा १९५० मध्ये. या दफ्तरासाठी सेसिलिया स्लेपाक नावाच्या अनुवादिकेने फक्त बायकांचा अभ्यास केला होता. पंधरा-सोळा बायकांना भेटून, त्या काय करून जगताहेत, मुलांना काय खाऊ घालताहेत ते तिने विचारलं आणि लिहिलं. चोरटा व्यापार करणाऱ्या बायकांनाही तिने नावं ठेवली नाहीत. १९४१-४२ साली, उपाशी पोटी, मरणाच्या दारात एक बाई इतर बायकांच्या मुलाखती घेते आहे. स्त्री-अभ्यास केंद्रं निघण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. ती स्वतः त्यातून वाचली नाही.

यानुश कोर्चाक हे नाव तुमच्यापैकी काहीजणींनी ऐकलं असेल. डॉक्टर, लेखक आणि वॉर्सातल्या ज्यू अनाथाश्रमाचे प्रमुख. मुलांचं स्वतःचं न्यायालय, मुलांचं वर्तमानपत्र हे प्रयोग त्यांनी युद्धापूर्वीच केले होते. बालहक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करारनामा १९८९ मध्ये मंजूर झाला, आणि ज्याला आपल्या देशाने १९९२ मध्ये मान्यता दिली, त्याचा पहिला मसुदा पोलंडनेच १९७८ मध्ये मांडला होता. त्यामागे कोर्चाकांच्या विचारांची प्रेरणा होती. घेटोत त्यांच्या आश्रमात सुमारे दोनशे मुलं होती. १८ जुलै १९४२ ला या मुलांनी एक नाटक केलं, रवींद्रनाथ ठाकुरांचं 'डाकघर'. आजारी अमल, त्याला घराबाहेर पडायची बंदी, खिडकीशी बसून तो येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलतो, राजाच्या पत्राची वाट पाहतो. भिंतीआड कोंडलेल्या मुलांनी ते पोलिश भाषेत केलं. चारच दिवसांनी, २२ जुलैला, घेटोतली माणसं ट्रेब्लिंकाच्या मृत्यूछावणीकडे न्यायला सुरुवात झाली. दोन महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं नेली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आश्रमातली मुलं नेली. कोर्चाकांना स्वतःला वाचवता आलं असतं. ते मुलांबरोबर गेले.

त्यांच्याबरोबर स्तेफानिया विल्चिन्स्काही गेल्या. हा आश्रम सुरू झाला तेव्हापासून, तीस वर्षं, त्याचं रोजचं सगळं चालवलं ते या बाईंनी. कोर्चाक लिहायचे, भाषणं द्यायचे, प्रवासाला जायचे. कुणाला ताप आहे, कुणाचे बूट फाटले, कोण रात्री अंथरूण ओलं करतं हे स्तेफाबाई पाहायच्या. पहिल्या महायुद्धात कोर्चाक सैन्यात असताना आश्रम त्यांनीच सांभाळला. १९३९ मध्ये त्या पॅलेस्टाईनमध्ये सुरक्षित होत्या, तिथून परत आल्या. पुतळे, चित्रपट, टपालाची तिकिटं कोर्चाकांची निघाली. बाईंचा उल्लेख बहुतेक ठिकाणी 'आणि त्यांच्या सहकारी' असा येतो. संस्थांमध्ये काम करणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आता आपल्या पेशातल्या बाईकडे येते. इरेना सेंडलर. जन्म १९१०. वॉर्सा महानगरपालिकेच्या समाजकल्याण विभागात नोकरी. कब्जा झाल्यावर ज्यू कुटुंबांना मदत द्यायची नाही असा हुकूम निघाला. तेव्हा या विभागातल्या काही बायकांनी ज्यू कुटुंबांची नोंद खोट्या ख्रिस्ती नावांनी केली आणि मदत चालू ठेवली. तपासणीला कुणी घरी जाऊ नये म्हणून कागदावर लिहायचं - घरात टायफस आहे. तपासनीस फिरकायचेच नाहीत. कागद कसे भरायचे हे ज्याला कळतं त्याच्या हातात काय ताकद असते ते पाहा.

घेटो बंद झाल्यावर सेंडलर यांनी साथरोग विभागाचा पास मिळवला आणि आत ये-जा सुरू ठेवली. अन्न, औषधं, लशी न्यायच्या. आणि १९४२ मध्ये मुलं बाहेर काढायला सुरुवात झाली. कुणाला रुग्णवाहिकेतून, कुणाला गटारातून, कुणाला कोर्टाच्या इमारतीतून, कारण तिचं एक दार घेटोत उघडायचं आणि दुसरं बाहेर. अगदी लहान बाळांना झोपेचं औषध देऊन पेटीत घालून.

सेंडलर यांनी म्हातारपणी मुलाखतींतून पुन्हा पुन्हा सांगितलेली एक गोष्ट आहे. आया विचारायच्या, माझं मूल जगेल याची हमी देता का? आणि उत्तर एकच होतं, नाही. घेटोच्या दारातून सुखरूप बाहेर पडू याचीसुद्धा हमी नव्हती. एखाद्या घरात बाप हो म्हणायचा, आजी नाही म्हणायची. उद्या या, असं सांगायचे. उद्या गेल्यावर ते घर रिकामं असायचं.

मला वाटतं, या आयांविषयी आपण पुरेसं बोलत नाही. मूल वाचवणारीची गोष्ट होते, मूल देणारीची होत नाही. आपल्याकडेही नवऱ्याच्या मारापासून पोरं लांब राहावीत म्हणून बालगृहात ठेवणारी आई आली की समोरचं माणूस पहिल्यांदा काय म्हणतं? 'कशी बाई आई, पोटचं पोर दिलं!' बापाविषयी कुणी विचारत नाही.

बाहेर काढलेल्या मुलाला नवं नाव मिळायचं. नवा जन्मदाखला, नवी प्रार्थना, नवे आई-बाप. मध्यरात्री झोपेतून उठवून विचारलं तरी नवंच नाव तोंडात आलं पाहिजे अशी तालीम. यिद्दिश भाषेतला एक शब्द निघाला तरी मुलाचा आणि ठेवून घेणाऱ्या कुटुंबाचा जीव जायचा. ज्यूंना आसरा देणाऱ्यालाही पोलंडमध्ये मृत्यूचीच शिक्षा होती. मुलग्यांची सुंता झालेली असायची, त्यामुळे त्यांना लपवणं जास्त कठीण. काहींना फ्रॉक घालून मुलगी म्हणून ठेवलं. एरवी जगात मुलगी म्हणून जन्मणं धोक्याचं; इथे तेच थोडं सोयीचं ठरलं.

मुलांचा सांभाळ करणाऱ्यांत सामान्य कुटुंबं होती, ख्रिस्ती मठांतल्या जोगिणी होत्या. पैसे पोचवायचे, मुलाला या घरातून त्या घरात हलवायचं, हे काम करणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. झेगोता या गुप्त संघटनेचा मुलांचा विभाग पुढे सेंडलर यांच्याकडे आला. सगळ्यांनी मिळून वाचवलेल्या मुलांचा आकडा अडीच हजार असा सांगितला जातो. वर्तमानपत्रं तो एकट्या सेंडलर यांच्या नावावर टाकतात. त्यांना स्वतःला ते कधीच पटलं नाही. एकटी बाई अडीच हजार मुलं वाचवू शकत नाही. एका मुलामागे दहा-बारा माणसांना तोंड मिटून राहावं लागलं.

आणि आता नोंदींचं. प्रत्येक मुलाचं खरं नाव, नवं नाव आणि पत्ता पातळ कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलेला असायचा. ऑक्टोबर १९४३ मध्ये गेस्टापोने सेंडलर यांना पकडलं. छळ केला, पाय मोडले. नावं सांगितली नाहीत. झेगोताने लाच देऊन त्यांना सोडवलं. त्यानंतर या पट्ट्या काचेच्या बरणीत घालून यादविगा पिओत्रोव्स्का या सहकारी समाजसेविकेच्या अंगणात, सफरचंदाच्या झाडाखाली पुरल्या. युद्ध संपल्यावर त्या ज्यू समितीकडे दिल्या. मुलांना आई-बापांकडे परत पोचवायचं म्हणून सगळं लिहून ठेवलं होतं. बहुतेक आई-बाप ट्रेब्लिंकात मारले गेले होते.

या पट्ट्यांशी मी पुन्हा पुन्हा येते. मूल मोडक्या नावाने का होईना, जगलं की झालं, असं त्या वेळी कुणी म्हटलं असतं तर त्याला दोष देता आला नसता. तरी त्या बायकांनी जिवावर उदार होऊन नोंद ठेवली, कारण हे मूल कुणाचं आहे हे कळण्याचा त्या मुलाचा हक्क आहे. मी एका संस्थेच्या रजिस्टरमध्ये पाहिलं आहे: एका मुलीचं नाव बदललं, का, तर त्या नावाच्या तीन मुली आधीच होत्या, हाका मारताना घोटाळा होतो. जुनं नाव कुठेच लिहिलेलं नाही. आता ती मुलगी मोठी झाली आहे आणि आईला शोधते आहे. तिथे ना युद्ध होतं ना कब्जा; कपाटात कोरे कागद भरपूर होते.

एल्झ्बिएता फिकोव्स्का पुढे अशा वाचलेल्या मुलांच्या पोलंडमधल्या संघटनेच्या प्रमुख झाल्या. त्यांना सहा महिन्यांच्या असताना विटांच्या गाडीतून, लाकडी पेटीत घालून बाहेर काढलं होतं. पेटीत आईने चांदीचा चमचा ठेवला होता. त्यावर लाडकं नाव आणि जन्मतारीख कोरलेली, ५ जानेवारी १९४२. सांभाळणारी बाई सुईण होती. आई घेटोतून टेलिफोन करायची, फक्त बाळाचे बोबडे आवाज ऐकायला. पुढे फोन यायचे थांबले. आपण कोण हे एल्झ्बिएताला सतराव्या वर्षी कळलं.

युद्धानंतर नातेवाईक किंवा ज्यू संस्था मुलं न्यायला आल्या तेव्हा कितीतरी मुलं सांभाळणाऱ्या आईच्या पदराआड लपली. तीन वर्षांपूर्वी एका आईपासून तोडलं होतं, आता दुसऱ्या आईपासून. काही सांभाळणाऱ्यांनी द्यायला नकार दिला, भांडणं कोर्टात गेली. कुणाचं बरोबर होतं? मी या कामात इतकी वर्षं काढूनही याचं एक उत्तर देऊ शकत नाही. प्रत्येक मुलाला वेगळं उत्तर लागतं, आणि ते मुलाला विचारल्याशिवाय मिळत नाही, एवढं मात्र सांगू शकते.

राहिली पोलंडची दुसरी बाजू, सोव्हिएत कब्ज्यातली. तिथे १९४० च्या फेब्रुवारीपासून कुटुंबंच्या कुटुंबं रात्री उठवून मालगाड्यांत भरली आणि सैबेरिया, कझाकस्तानला पाठवली. एप्रिलमध्ये नेली ती मुख्यतः अटकेतल्या अधिकाऱ्यांची कुटुंबं. म्हणजे बाया, मुलं, म्हातारी. बायांनी शेतांवर, जंगलांत राबायचं, कामाच्या मापावर पाव. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर उलटल्यावर करार झाला आणि हे लोक सुटले. पुढच्या वर्षी, १९४२ मध्ये, लाखाच्या वर माणसं कास्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचली. त्यात हजारो पोरकी मुलं होती. सगळीच खरी पोरकी नव्हती. अनाथाश्रमाच्या मुलांना खायला मिळतं, बाहेर पडायला मिळतं, म्हणून काही आयांनी आपण जिवंत असताना मुलांची नावं अनाथांत घातली.

आणि हे माझं दुसरं कारण. या लोकांतले काही हिंदुस्थानात आले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला मुलांसाठी छावणी उघडली, तिची गोष्ट गाजली. त्याहून मोठी वसाहत होती ती इथे, कोल्हापूरजवळ वळिवड्याला. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसं तिथे राहिली, बहुसंख्य बाया आणि मुलं. बराकी, चर्च, नाट्यगृह, आणि मुख्य म्हणजे शाळा. पोलिश भाषेतल्या, उघड्या दारांच्या. ज्या मुलांच्या देशात त्यांचा इतिहास शिकवणं गुन्हा होता, ती तो पंचगंगेच्या खोऱ्यात शिकली. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत हद्दीत गेलेली होती. परत जायला घर नव्हतं. बरीचशी इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडाला पांगली. २०१९ मध्ये त्यांच्यापैकी काहीजण, पार म्हातारे झालेले, वळिवड्याला येऊन गेले.

त्या बराकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिथेच जागा दिली. तेच आजचं गांधीनगर, जिथे आपण लग्नाचा बस्ता बांधायला जातो. तिथे लहानपणी आलेल्या सिंधी आज्या आता ऐंशीच्या आसपास आणि पुढे आहेत. त्यांच्या आठवणी मला लिहून घ्यायच्या आहेत. तुमच्यापैकी कुणाच्या ओळखीत अशी आजी असेल तर जेवणाच्या सुटीत मला येऊन भेटा. मी वही घेऊन मागच्या ओसरीत बसते आहे.